पोलीस ॲक्शन : शब्द, शस्त्र आणि सभागृह

मराठवाड्याच्या बोलीत काळ मोजण्याच्या ज्या खुणा आहेत, त्यांत ‘रझाकारी’ आणि ‘ॲक्शन’ या दोन शब्दांचे स्थान मोठे आहे. ‘रझाकारीत आम्ही गाव सोडलं’, ‘ॲक्शनच्या आधी लग्न झालं’, ‘ॲक्शन झाली त्या साली’ अशी वाक्ये बीड जिल्ह्यातल्या जुन्या पिढीच्या तोंडी सहज येत असत, आणि त्या पिढीकडून ऐकलेल्या आठवणींतून ती आजही भेटतात. सन सांगण्याची गरज पडत नाही. १९४८ हा आकडा शाळेच्या पुस्तकात असतो. बोलण्यात असते ती ‘ॲक्शन’.

आम्ही मराठीचे अध्यापक असल्यामुळे या शब्दाकडे प्रथम शब्द म्हणूनच पाहतो. मूळ शब्दप्रयोग ‘पोलीस ॲक्शन’ असा आहे. मराठी ग्रंथांत तो ‘पोलीस कारवाई’ होतो. लोकांनी मात्र त्यातला ‘पोलीस’ गाळून टाकला. हे गाळणे अजाणता झाले असेल, पण ते अचूक आहे. १३ सप्टेंबर १९४८ रोजी सोलापूरकडून नळदुर्गच्या दिशेने जे निघाले ते पोलीस नव्हते. ते भारतीय सेनेचे रणगाडे होते; आघाडीवर मेजर जनरल जयंतनाथ चौधुरी होते आणि डोक्यावर वायुदलाची विमाने होती. मग या मोहिमेला पोलिसांचे नाव का दिले गेले? आणि या नावामुळे देशाच्या सभागृहाला कोणता प्रश्न विचारता आला नाही? प्रस्तुत लेखात आम्हाला या दोन प्रश्नांचा विचार करायचा आहे.

सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट केलेली बरी. हैदराबाद संस्थान भारतात यावे ही मराठवाड्यातील जनतेची आकांक्षा होती. त्यासाठी स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नेतृत्वाखाली मोठा लढा झाला. १७ सप्टेंबर हा दिवस आम्ही मुक्तीचा दिवस म्हणूनच मानतो. त्या मुक्तीविषयी शंका घेण्यासाठी हा लेख लिहिलेला नाही. बळाचा वापर न्याय्य असला, तरी त्याला परवानगी कोणी द्यायची आणि त्याचा हिशेब कोणी मागायचा, हा प्रश्न शिल्लक राहतो, आणि ज्यांच्या मुक्तीसाठी ते बळ वापरले गेले त्यांनी तो विचारणे अधिक उचित आहे, एवढेच आमचे म्हणणे आहे.

१. सीमेवरचा मुलूख

शिरूर कासार हे सिंदफणेच्या खोऱ्यातले गाव. १९९९ मध्ये ते तालुक्याचे ठिकाण झाले. पश्चिमेला लागूनच पाथर्डी तालुका आहे. आज ही केवळ दोन जिल्ह्यांची हद्द आहे. एसटीतून जाताना ती कधी ओलांडली हे कळतही नाही. १९४८ पर्यंत मात्र ही दोन राज्यव्यवस्थांची हद्द होती. पलीकडे मुंबई प्रांताचा अहमदनगर (आजचा अहिल्यानगर) जिल्हा, अलीकडे निजामाची मोगलाई. पलीकडे कलदार रुपया, अलीकडे हाली सिक्का. माल इकडून तिकडे न्यायचा तर करोडगिरीच्या नाक्यावर जकात द्यावी लागे. शाळेची भाषा वेगळी, कोर्टाची भाषा वेगळी. स्टेट काँग्रेसने सशस्त्र प्रतिकारासाठी जे कॅम्प उभारले तेही संस्थानाला वेढणाऱ्या याच सीमाभागात. रझाकारांच्या भीतीने गाव सोडलेली कुटुंबे आसऱ्याला गेली तीही या सीमेपलीकडेच.

या हद्दीवर राहणाऱ्या माणसाला कायदा ही गोष्ट अमूर्त नव्हती. दोन-चार कोस चालून गेले की कायदा बदलत असे. त्यामुळे ‘ही रेषा ओलांडून सैन्य पाठवण्याचा अधिकार कोणाला?’ हा प्रश्न दिल्लीतील घटनापंडितांइतकाच या मुलखाचाही आहे.

त्याचे उत्तर शोधताना पहिली अडचण येते ती या रेषेच्या स्वरूपाची. १९४७ च्या भारतीय स्वातंत्र्य कायद्याने संस्थानांवरील ब्रिटिश सार्वभौमत्व संपुष्टात आणले. निजामाने जून १९४७ मध्येच फर्मान काढून आपण स्वतंत्र राहणार असल्याचे जाहीर केले होते. २९ नोव्हेंबर १९४७ रोजी भारत सरकार आणि निजाम यांच्यात एका वर्षासाठी ‘जैसे थे’ करार झाला. भारताने हैदराबादचे स्वातंत्र्य कधीच मान्य केले नाही. निजामाने विलीनीकरण मान्य केले नाही. त्यामुळे ही सीमा एका बाजूने पाहिली तर आंतरराष्ट्रीय होती आणि दुसऱ्या बाजूने पाहिली तर देशांतर्गत. ‘पोलीस ॲक्शन’ हा शब्द याच संदिग्धतेतून जन्मला.

२. फर्मान, रझाकार आणि सभागृह

बळाच्या वापरावर सभागृहाचे नियंत्रण नसणे म्हणजे काय, हे समजण्यासाठी आधी हद्दीच्या अलीकडे पाहावे लागते. निजामाच्या राज्यात कायदा फर्मानाने चाले. १९४६ च्या सुधारणांनुसार एक विधिमंडळ स्थापन झाले होते. पण स्टेट काँग्रेसने त्या सुधारणांवर बहिष्कार घातला होता आणि निजामाच्या इच्छेला आवर घालण्याचे सामर्थ्य त्या मंडळात नव्हते. अशा पोकळीत लातूरचा वकील कासीम रझवी याची रझाकार संघटना वाढली. ती राज्याची फौज नव्हती, पोलीसही नव्हती. तिला शस्त्र धरण्याची परवानगी कोणत्या सभागृहाने दिली नव्हती आणि तिच्याकडे जाब मागणारेही कोणी नव्हते. ऑक्टोबर १९४६ मध्ये नांदेड भागातील गोविंदराव पानसरे यांची हत्या झाली. ऑगस्ट १९४८ मध्ये ‘इमरोज’चे संपादक शोएबुल्ला खान यांना हैदराबाद शहरात ठार करण्यात आले; विलीनीकरणाची बाजू निर्भयपणे मांडणे हा त्यांचा गुन्हा होता. बळ कोणाच्याही परवानगीशिवाय आणि हिशेबाशिवाय वापरले गेले की काय होते, हे मराठवाड्याने कोणत्याही ग्रंथातून वाचलेले नाही. त्याने ते भोगले आहे. अनंत भालेराव यांच्या ‘हैदराबादचा स्वातंत्र्यसंग्राम आणि मराठवाडा’ या ग्रंथात हा सगळा काळ विस्ताराने आला आहे, त्यामुळे येथे पुनरुक्ती करत नाही.

आता हद्दीच्या पलीकडे पाहू. दिल्लीत तेव्हा संविधान सभाच कायदेमंडळाचेही काम करत होती. ऑगस्ट १९४८ मध्ये भारत सरकारने हैदराबादविषयी श्वेतपत्रिका काढली. ७ सप्टेंबर १९४८ रोजी पंतप्रधान जवाहरलाल नेहरूंनी सभागृहात निवेदन केले : रझाकार संघटना बरखास्त करावी आणि सिकंदराबादेत भारतीय सैन्य परत येऊ द्यावे, अशी मागणी निजामाकडे करण्यात येत आहे. सहा दिवसांनी सैन्य हलले.

या क्रमात एक महत्त्वाचा भेद दडलेला आहे. सभागृहाला सांगण्यात आले. सभागृहाला विचारण्यात आले नाही. निवेदन आणि ठराव हे दोन वेगळे संसदीय प्रकार आहेत. निवेदनानंतर सभासद ऐकतो, फार तर प्रश्न विचारतो. ठरावावर तो हात वर करतो, आणि हात वर करताच निर्णयाची जबाबदारी त्याच्यावरही येते. सभागृहाला विचारले असते तर त्याने नकार दिला असता असे मुळीच नाही. प्रचंड बहुमताने पाठिंबाच मिळाला असता. म्हणूनच न विचारणे अधिक लक्षणीय ठरते. होकार निश्चित असतानाही तो मागण्याची आवश्यकता वाटली नाही, कारण मागण्याची तरतूदच नव्हती.

आणखी एक बाब. हैदराबादचे प्रतिनिधी त्या सभागृहात नव्हतेच. संस्थान विलीन झालेले नसल्यामुळे त्याच्या वाट्याच्या जागा रिकाम्या होत्या. शिरूर कासारच्या शेतकऱ्याच्या गावावरून फौज जाणार की नाही याचा निर्णय होत असताना त्याचा माणूस ना हैदराबादच्या सभागृहात होता, ना दिल्लीच्या. लोकसभेसाठी त्याने पहिले मत दिले ते १९५१-५२ च्या सार्वत्रिक निवडणुकीत, ॲक्शननंतर तीन वर्षांनी.

३. ‘पोलीस’ या शब्दाचे काम

युद्धासाठी मराठीत शब्दांची कमतरता नाही. लढाई, युद्ध, स्वारी, मोहीम, मुलूखगिरी. या प्रत्येक शब्दाला आपापली सावली आहे. स्वारीत घोड्यावर बसलेला धनी दिसतो. मुलूखगिरीत वसुलीचा हिशेब ऐकू येतो. ‘कारवाई’ हा मूळचा फारसी वळणाचा शब्द मात्र कचेरीतला आहे. कामकाज चालवणे, प्रकरण मार्गी लावणे असा त्याचा भाव. युद्ध दोघांत होते. कारवाई एकजण दुसऱ्यावर करतो. युद्धाला शत्रू लागतो, कारवाईला आरोपी पुरतो.

‘पोलीस ॲक्शन’ या नावाने दोन दिशांना दोन कामे केली. बाहेरच्या जगाला ते सांगत होते की हा भारताचा अंतर्गत प्रश्न आहे. निजामाच्या सरकारने २१ ऑगस्ट १९४८ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेकडे तक्रार केली होती आणि १६ सप्टेंबरला, म्हणजे सैन्य हैदराबादच्या वाटेवर असतानाच, पॅरिसमध्ये ती परिषदेपुढे आली. एखाद्या राष्ट्राच्या अंतर्गत बाबीत हस्तक्षेप करण्याचा अधिकार संयुक्त राष्ट्रांच्या सनदेने या संघटनेला दिलेला नाही. तेव्हा ‘युद्ध’ म्हणणे म्हणजे परिषदेला दार उघडून देणे होते. हे राजनैतिक कारण समजण्यासारखे आहे.

घरच्या सभागृहाला हे नाव दुसरेच काही सांगत होते. युद्ध असेल तर त्याचा निर्णय हा राष्ट्राचा निर्णय ठरतो. पोलिसांची कारवाई हा कारभाराचा भाग असतो. त्यासाठी कोणी सभागृहाला विचारत नाही.

पण गंमत अशी की, खरोखर पोलिसी कारवाई असती तर तिच्यावर उलट अधिकच बंधने आली असती. १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत जमाव पांगवण्यासाठी लष्कराची मदत घेण्याची तरतूद होती. तिथे सामान्यतः दंडाधिकाऱ्याची आज्ञा लागे आणि आवश्यक तेवढेच बळ वापरण्याची अट असे. पोलिसांनी गोळी झाडली तर ती का झाडली, किती झाडल्या, कोण मेले, याची चौकशी होते. हैदराबादेत भारताचा दंडाधिकारी नव्हता आणि त्याची आज्ञाही नव्हती. म्हणजे युद्ध नाही म्हणून राष्ट्राच्या सभागृहाची संमती नको, आणि प्रत्यक्षात पोलीस नाहीत म्हणून दंडाधिकाऱ्याची चौकशी नको. एका शब्दाने दोन्ही हिशेब चुकवले.

हा शब्द भारताने घडवलेला नाही. जुलै १९४७ मध्ये डच सरकारने इंडोनेशियाच्या स्वातंत्र्यवाद्यांविरुद्ध जी लष्करी मोहीम काढली तिला त्यांनी ‘पोलीस कारवाई’ असेच नाव दिले होते. त्या मोहिमेविरुद्ध सुरक्षा परिषदेत दाद मागणाऱ्यांत ऑस्ट्रेलियाबरोबर भारत होता. डिसेंबर १९४८ मध्ये डचांनी दुसरी ‘पोलीस कारवाई’ केली तेव्हा नेहरूंनी जानेवारी १९४९ मध्ये दिल्लीत आशियाई देशांची परिषद भरवली. दोन्ही प्रसंगांची तुलना एका मर्यादेपलीकडे ताणू नये : डच सत्ता वसाहत टिकवण्यासाठी लढत होती, तर हैदराबादच्या जनतेला भारतात यायचे होते. तरीही एकच शब्द एका वर्षाच्या अंतराने एकदा आपल्याला खोटा वाटतो आणि एकदा सोयीचा वाटतो, हे भाषेच्या अभ्यासकांनी नजरेआड करू नये.

१९५० मध्ये हाच शब्द अमेरिकेत अवतरला. अमेरिकेच्या राज्यघटनेनुसार युद्ध पुकारण्याचा अधिकार काँग्रेसचा आहे. जून १९५० मध्ये अध्यक्ष ट्रुमन यांनी काँग्रेसला न विचारता कोरियात सैन्य उतरवले. हिला संयुक्त राष्ट्रांच्या वतीने केलेली पोलीस कारवाई म्हणता येईल काय, असे पत्रकार परिषदेत विचारले गेले तेव्हा त्यांनी होकार दिला. ती ‘पोलीस कारवाई’ तीन वर्षे चालली.

४. डिसेंबर १९४८

१७ सप्टेंबरच्या सायंकाळी निजामाने शस्त्रसंधी जाहीर केली. १८ तारखेला हैदराबादी फौजेचे सेनापती अल इद्रूस चौधुरींना शरण आले. पाच दिवसांत ॲक्शन संपली असे इतिहास सांगतो. पण ॲक्शनच्या दिवसांत आणि नंतरच्या आठवड्यांत खेड्यापाड्यांतून जे घडले ते या पाच दिवसांत मावत नाही. रझाकारांच्या अत्याचारांचा सूड म्हणून, आणि अनेक ठिकाणी केवळ लुटीच्या हव्यासाने, मुसलमान वस्त्यांवर हल्ले झाले. परिस्थिती समजून घेण्यासाठी नेहरूंच्या पुढाकाराने पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफार आणि मौलाना अब्दुल्ला मिस्री यांचे मंडळ पाठवण्यात आले. २९ नोव्हेंबर ते २१ डिसेंबर १९४८ या काळात त्यांनी संस्थानात दौरा केला.

संपूर्ण संस्थानात ॲक्शनच्या काळात आणि त्यानंतर २७ हजार ते ४० हजार माणसे मेली असावीत असा या मंडळाचा अंदाज होता. उस्मानाबाद (आजचा धाराशिव), गुलबर्गा, बीदर आणि नांदेड या जिल्ह्यांना सर्वाधिक झळ बसली. तिथे किमान १८ हजार. औरंगाबाद (आजचे छत्रपती संभाजीनगर), बीड, नलगोंडा आणि मेदक या चार जिल्ह्यांत मिळून किमान ५ हजार. काही ठिकाणी सैन्यातील व पोलिसांतील माणसेही लुटीत सामील झाल्याचे अहवालात नमूद आहे. त्याच अहवालात, आपल्या मुसलमान शेजाऱ्यांना जिवावर उदार होऊन वाचवणाऱ्या हिंदूंचीही नोंद आहे. या आकड्यांविषयी इतिहासकारांत मतभेद असू शकतात. मतभेद मिटवण्याचा एक मार्ग म्हणजे अहवाल उघडपणे तपासणे. तो मार्ग बंद राहिला. अहवाल अनेक दशके अप्रकाशित राहिला आणि २०१३ मध्ये ए. जी. नूराणी यांच्या हैदराबादवरील ग्रंथातून सर्वसामान्य वाचकांपर्यंत पोहोचला.

आता तारखा शेजारी ठेवून पाहाव्यात. याच डिसेंबर १९४८ मध्ये दिल्लीत संविधान सभा मसुद्यातील अनुच्छेद ४२ वर चर्चा करत होती. आजच्या संविधानातील हाच अनुच्छेद ५३. संघराज्याच्या संरक्षण दलांचे सर्वोच्च अधिपत्य राष्ट्रपतीकडे असेल आणि त्याचा वापर कायद्याने नियंत्रित केला जाईल, असा त्याचा आशय आहे. सुंदरलाल मंडळ मराठवाड्याच्या वाटा तुडवत असताना दिल्लीत देश ठरवत होता की सैन्यावर हुकूम कोणाचा चालावा. या दोन गोष्टींची गाठ पडली नाही. पहिली गोष्ट दुसरीच्या कामकाजात पुरावा म्हणून आली असती, तर कदाचित अनुच्छेदात आणखी एखादे वाक्य पडले असते. अर्थात ही आमची कल्पना. इतिहास ‘कदाचित’ला उत्तर देत नाही.

५. संविधानाने काय ठेवले आणि काय ठेवले नाही

संविधानातील व्यवस्था थोडक्यात अशी. संरक्षण आणि ‘युद्ध व शांतता’ हे विषय संघसूचीत आहेत. म्हणजे त्यांवर कायदा करण्याचा अधिकार संसदेला आहे. राष्ट्रपती मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने वागतो, म्हणजे सैन्य हलवण्याचा निर्णय प्रत्यक्षात मंत्रिमंडळ घेते. लष्करावरील खर्च संसदेच्या मंजुरीशिवाय होऊ शकत नाही. आणि मंत्रिमंडळ लोकसभेला जबाबदार आहे.

पण सैन्य पाठवण्यापूर्वी किंवा पाठवल्यावर ठरावीक मुदतीत संसदेची संमती घ्यावी, असे बंधन संविधानात नाही. ‘कायद्याने नियंत्रित’ या शब्दांनी ज्या कायद्याला जागा ठेवली आहे तो, म्हणजे युद्धाच्या निर्णयाची रीत ठरवणारा कायदा, संसदेने आजवर केलेला नाही. १९५० चा सेना अधिनियम सैन्याच्या शिस्तीविषयी आहे; सैन्य कधी वापरावे याविषयी तो बोलत नाही.

याच्याशी अनुच्छेद ३५२ ची तुलना करण्याजोगी आहे. आणीबाणीच्या उद्घोषणेला संसदेची संमती लागते. १९७५ चा अनुभव गाठीशी आल्यावर १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने ही अट अधिक कडक केली : मंत्रिमंडळाचा निर्णय लेखी हवा, संमती दोन महिन्यांऐवजी एका महिन्यात हवी, आणि तीही विशेष बहुमताने. याचा अर्थ असा की, युद्धाच्या कारणाने नागरिकांचे हक्क आकुंचित करायचे तर संसदेला विचारावे लागते. प्रत्यक्ष युद्ध करायचे तर नाही.

नंतरचा इतिहास या चौकटीतच घडला. डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला. संसदेने १९६२ मध्ये बारावी घटनादुरुस्ती करून त्यावर शिक्का उमटवला. २० ऑक्टोबर १९६२ रोजी चीनने हल्ला केला. संसद ८ नोव्हेंबरला बसली आणि १४ नोव्हेंबरला ठराव झाला. हल्ला आपल्यावर झालेला असताना आधी विचारण्याचा प्रश्नच नव्हता. तरीही नंतर सभागृह बसले आणि सरकारला कठोर शब्द ऐकावे लागले, हे लोकशाहीचे भूषणच होय. १९८७ मध्ये शांतिसेना श्रीलंकेत गेली ती करारान्वये. १९९० मध्ये परत येईपर्यंत हजाराहून अधिक जवान गमावले गेले, पण पाठवण्यापूर्वी मतदान झाले नव्हते. १९९९ मध्ये कारगिलचे युद्ध झाले तेव्हा तर लोकसभाच विसर्जित झालेली होती. मात्र युद्धानंतर के. सुब्रह्मण्यम यांच्या अध्यक्षतेखाली आढावा समिती नेमली गेली आणि तिचा अहवाल फेब्रुवारी २००० मध्ये संसदेपुढे ठेवण्यात आला. सुंदरलाल अहवालाच्या नशिबी जे आले नाही ते सुब्रह्मण्यम अहवालाच्या नशिबी आले. मे २०२५ मधील ‘ऑपरेशन सिंदूर’वर संसदेत चर्चा झाली ती जुलैच्या अखेरीस. सांगितले जाते, चर्चा होते; विचारले जात नाही. क्रम तोच.

अपवादही एक आहे, आणि तो शब्दाशीच निगडित आहे. मार्च २००३ मध्ये अमेरिकेने इराकवर हल्ला केला. भारताच्या लोकसभेने एप्रिलमध्ये एकमताने ठराव केला. कोणता इंग्रजी शब्द वापरावा, सौम्य की कठोर, यावर पक्षांत बराच खल झाला आणि अखेर ‘निंदा’ या हिंदी शब्दावर एकमत झाले. पुढे इराकमध्ये भारतीय सैन्य पाठवावे अशी अमेरिकेची विनंती आली तेव्हा जुलै २००३ मध्ये वाजपेयी सरकारने ती नाकारली. त्या नकारामागे अनेक कारणे होती. पण सभागृहाने ज्या युद्धाची एकमुखाने निंदा केली, त्यात सैन्य पाठवणे कोणत्याही सरकारला जड गेले असते. एक शब्द सभागृहाच्या तोंडून निघाला तर त्याला किती वजन येते, याचे हे उदाहरण आहे.

६. आक्षेप आणि उत्तर

यावर एक आक्षेप रास्त आहे. सभागृहात चर्चा करून सैन्य हलवायचे तर शत्रूला आधीच कळेल. १९४८ मध्ये काश्मिरात लढाई चालू असताना सरकारने हैदराबादचा दिवस जाहीर करावा काय? हा आक्षेप आम्ही हलका मानत नाही. पण संमती म्हणजे पूर्वसंमतीच असे नाही. जर्मनीत १९९४ च्या घटनात्मक न्यायालयाच्या निर्णयापासून परदेशी सशस्त्र मोहिमेसाठी संसदेची मंजुरी लागते, तरी तातडीच्या प्रसंगी ती मागाहून घेण्याची सोय आहे. अमेरिकेने व्हिएतनामनंतर १९७३ मध्ये युद्धाधिकाराविषयी जो कायदा केला, त्यानुसार अध्यक्षाने ४८ तासांत काँग्रेसला कळवावे आणि ६० दिवसांत मंजुरी न मिळाल्यास मोहीम आवरती घ्यावी, असे बंधन आहे. ब्रिटनच्या कॉमन्स सभेने ऑगस्ट २०१३ मध्ये सीरियावरील कारवाईचा प्रस्ताव २८५ विरुद्ध २७२ मतांनी फेटाळला आणि पंतप्रधानांनी तो कौल मानला.

या कायद्यांना पळवाटा नाहीत असे नाही. २०११ मध्ये लिबियावर बाँबफेक चालू असतानाच ओबामा प्रशासनाने म्हटले की, या कायद्याला अभिप्रेत असलेला ‘शत्रुत्वाचा संघर्ष’ हा नव्हेच, सबब ६० दिवसांची अट लागू नाही. सभागृहाने मान डोलावली म्हणून युद्ध न्याय्य होते असेही नाही : फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाच्या वरिष्ठ सभागृहाने परदेशात सैन्य वापरण्यास संमती दिली आणि युक्रेनवरील आक्रमणाला ‘विशेष लष्करी कारवाई’ हे नाव मिळाले. पुन्हा ‘कारवाई’च. कायद्याची मर्यादा चुकवायची असते तेव्हा पहिला हात भाषेवरच पडतो. आमच्या विषयाच्या विद्यार्थ्यांना राज्यघटनेच्या या प्रश्नात रस घेण्याचे हेच कारण आहे.

आमच्या मते सभागृहाच्या मर्यादेचे खरे मोल परवानगीच्या क्षणी असते त्याहून अधिक हिशेबाच्या क्षणी असते. ज्याने होकार दिला त्याला पुढे विचारण्याचा हक्क मिळतो : किती दिवस चालले, कोण मेले, कोणी लुटले, कोणाला शिक्षा झाली. १९४८ मध्ये सभागृहाने होकार दिला नव्हता. त्यामुळे हिशेब मागण्याची जबाबदारीही त्याच्यावर येऊन पडली नाही. ॲक्शनचा गौरव झाला, आणि तो योग्यच होता. ॲक्शननंतरच्या प्रेतांची मोजदाद मात्र कोणाच्या कामकाजात नोंदली गेली नाही. बीड जिल्ह्यातील ज्या कुटुंबांनी रझाकारांच्या हातून माणसे गमावली आणि ज्यांनी ॲक्शननंतरच्या दंगलीत माणसे गमावली, त्या दोघांनाही कोणत्या तरी सभागृहाच्या इतिवृत्तात जागा मिळायला हवी होती.

दरवर्षी १७ सप्टेंबरला आमच्या महाविद्यालयांतून ध्वजवंदन होते, व्याख्याने होतात, हुतात्म्यांची नावे वाचली जातात. ते तसेच व्हावे. त्या दिवसाच्या आगेमागे मराठीच्या किंवा इतिहासाच्या वर्गात तीन मजकूर एकत्र वाचायला द्यावेत असे आम्हाला सुचवावेसे वाटते : नेहरूंचे ७ सप्टेंबर १९४८ चे निवेदन, सुंदरलाल मंडळाचा अहवाल आणि संविधानाचा अनुच्छेद ५३. पहिल्यात सरकार सभागृहाला सांगते आहे. दुसऱ्यात तीन माणसे सरकारला सांगताहेत आणि सभागृहाला ते ऐकू जात नाही. तिसऱ्यात ‘कायद्याने नियंत्रित’ हे शब्द आहेत, आणि तो कायदा अजून लिहिला जायचा आहे.